पेव

वर्लिन टोस्टनरुडच्या तळघरात
नॉर्थ डकोटा सत्त्याऐंशी पटींनी लहान झालाय.
प्लायवूडवर बारा फूट गहू,
झाडूच्या केसांचा, एकेक चिकटवलेला.
एक चर्च. धान्याचा उंच मनोरा.
रोज संध्याकाळी सातला
अठरा वाघिणींची मालगाडी
वॉशिंग मशीनच्या मागून निघते
आणि लोणच्याच्या बरण्यांपाशी वळते.

या हिवाळ्यात तो क्षेपणास्त्राचा खड्डा करतोय.
चालणारा. नुसता दिसणारा नव्हे.

दोन बोटं रुंद पाइप,
मोडक्या प्रिंटरची मोटर,
आटे पाडलेली वीतभर सळई.
अस्त्र म्हणजे बर्चचा दांडा,
लेथवर धरून टोक काढलेला,
पांढऱ्या रंगाचे तीन हात.
कुंपणाची जाळी कुठून आली
हे आर्डिसने विचारलं नाही.
ट्रंकेतल्या तिच्या लग्नाच्या ओढणीला
एक कोपरा कमी आहे.

झाकणावर मात्र तीन आठवडे गेले.
खरं झाकण शंभर टनांचं होतं, म्हणतो,
आणि तेही रुळांवरच सरकायचं.
"म्हणजे हीसुद्धा रेल्वेच की,
फक्त एकदाच धावायची."

तो नऊ वर्षांचा होता तेव्हा
सरकारी माणसं आली, हॅट काढून स्वयंपाकघरात बसली,
कॉफी प्याली
आणि बापाच्या गव्हाच्या मधोमध
एक एकर मोजून गेली.
पुढची तीस-पस्तीस वर्षं बाप
त्या चौकोनाला वळसा घालून नांगरत राहिला.
पेवाचं असतं तसंच होतं ते:
खोल भरायचं, तोंड लिंपायचं,
आणि उघडायची वेळ येऊ नये म्हणून
रविवारी गुडघे टेकायचे.

मग करार झाला.
अस्त्र ट्रकवर घालून नेलं,
खड्ड्याला सुरुंग लावला,
आणि नव्वद दिवस तो तसाच आ वासून ठेवला,
वरून जाणाऱ्या रशियन उपग्रहांना
मोजता यावा म्हणून.
बाप रोज कुंपणापाशी जाऊन
टोपी काढून वर बघायचा.
कुणी बघत असेलच
तर चेहरा नीट दिसावा.

मार्चमध्ये पहिली चाचणी. बटण नातीने दाबलं.
झाकण कुरकुरत सरकलं.
पांढरं टोक चार बोटं वर आलं, थांबलं.
"आता?" ब्रिटाने विचारलं.
"आता खाली."
"उडत नाही?"
"नाही."
"मग चालत नाही ना, आजोबा."

तो फोन घ्यायला वर गेला.
तिच्या खिशात कोंबड्यांचा गहू होता.
भोक रिकामं दिसत होतं, बस्स.

सातच्या गाडीला वर्लिनने पुन्हा बटण दाबलं
आणि पेव फुटलं.
दाणे रुळांवर, दाणे चर्चच्या दारात,
त्या मुलखात कोकराएवढा एकेक दाणा.
इंजिन घसरलं.
आट्यांत काहीतरी भरडलं गेलं,
मोटर गुरगुरली, जळका वास आला,
मग काहीच नाही.
झाकण अर्धं उघडं.

तो चिडला. ब्रिटा रडेपर्यंत चिडला.
नंतर स्वतःच तव्यावर लेफ्से गरम केली,
साखर जरा जास्तच भुरभुरली,
तिच्यासमोर ठेवून खिडकीकडे तोंड करून बसला.

आर्डिस म्हणाली, दुसरी मोटर मागव.
"राहू दे," तो म्हणाला, "नव्वद दिवस.
नियम आहे."
आणि उठून कॅलेंडरवर
जूनमधल्या एका मंगळवारभोवती
पेन्सिलीने गोल काढला.

आता बरणी आणायला आर्डिस खाली उतरते
तेव्हा आधी प्लायवूडवरचा दिवा लावते,
चष्मा सावरत वाकते,
ढगांच्या जागेवरून आत बघते.
पांढरं टोक तिरकं अडकलेलं.
भोवती चार दाणे.
काल पाच होते.

उंदीर असणार.
वर्लिनला ती अजून काही बोललेली नाही.